भय्याजी रंगाऱ्याचं डावं बोट

उमरबोडीचे भय्याजी हेडाऊ हे गावातले एक नंबरचे मतदार, असं अख्खं गाव म्हणायचं. गावाचं काय, गाव बोट पाहून बोलतं. लोकसभा असो, विधानसभा असो, जिल्हा परिषद असो, मतदानाच्या दिवशी सकाळी आठच्या आत भय्याजींच्या डाव्या हाताची तर्जनी काळी झालेली असायची आणि गावभर फिरून सगळ्यांना दिसलेलीही असायची. एकदा तर सेवा सोसायटीच्या निवडणुकीतही ती काळी झाली होती, जिथे बोटाला कोणी काही लावत नाही. तेव्हाही कोणाला शंका आली नाही.

आता सांगून टाकायला हरकत नाही. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्या वर्षापासून भय्याजींनी एकदाही मत टाकलेलं नव्हतं.

भय्याजी धंद्याने रंगारी. मोहाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उमरबोडी, आणि गावाच्या खालच्या अंगाला कोष्टीपुरा. एके काळी तिथे घरोघर माग खटखटायचे. आता दहा-बारा उरले होते. त्या सगळ्या मागांना लागणारं सूत रंगवून द्यायचं काम भय्याजींचं. घरामागे छपरी, छपरीत तीन भट्ट्या, आणि छपरीला लागून बोडी, म्हणजे गावाचं लहानसं तळं, जिच्यावरून गावाला नाव पडलं. भय्याजींच्या आज्याने त्या बोडीत सुताच्या लडी धुतल्या, बापाने धुतल्या, आणि आता भय्याजी धूत होते. हिरडा आणि हिराकस यांचा काळा रंग चढवावा तर त्यांनीच. बाप मरताना म्हणाला होता, "रंग असा चढव का लुगडं फाटन, पन रंग जानार नाही." भय्याजींनी बापाचा हा एक शब्द तरी पाळला.

ज्या वर्षी जिल्हा फुटला त्याच वर्षी, गणपतीच्या तोंडावर, लोकसभा आणि विधानसभा एकदमच आल्या. भय्याजी भट्टीवर काळा रंग ठेवून शाळेत रांगेत उभे राहिले. काळ्या रंगातून सूत वेळेवर काढलं नाही तर ते कुजतं, हातात घेतलं की तुटतं. पाऊण तास झाला, रांग हलेना, कारण आत एका म्हातारीने दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले होते आणि साहेब लोकांची त्यावर चर्चा चालली होती. भय्याजींचा जीव भट्टीत. शेवटी ते रांग सोडून निघाले. रस्त्यात एका उमेदवाराची जीप थांबली. आतल्या कार्यकर्त्याने विचारलं, "भय्याजी, झालं का?" आणि भय्याजींनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या काळ्या हाताकडे पाहून स्वतःच म्हणाला, "झालं वाटते. बसा जी, घरी सोडतो."

वाटेत त्याने तर्रीपोहे खाऊ घातले. घराजवळ दुसऱ्या पक्षाचा मांडव होता, तिथल्यांनीही बोट पाहिलं, "आपलंच काम केलं ना जी?" म्हणून विचारलं आणि पुन्हा पोहे दिले. भय्याजी "हो जी" म्हणाले. नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

रात्रभर या गोष्टीचा विचार करावा इतके काही ते विचारवंत नव्हते. पण एवढं त्यांच्या ध्यानात आलं की पाऊण तास रांगेत उभं राहून काही मिळालं नाही आणि नुसत्या बोटावर दोन प्लेटा पोहे आले. शिवाय कोणी नाराज झालं नाही. खरं मत टाकलं असतं तर एक जण तरी नाराज झालाच असता.

तेव्हापासून निवडणूक जवळ आली की भय्याजी काळ्याचं काम घेत नसत. काळ्याने सगळा हातच काळा होतो, मग एक बोट वेगळं दिसत नाही; लाल-पिवळा रंग हात धुतला की जातो. मतदानाच्या दिवशी सकाळी उठून ते छपरीत जात. तिथे कोपऱ्यात दोन लहान वाट्या झाकून ठेवलेल्या असत, एकीत हिरड्याचा काढा, दुसरीत हिराकसाचं पाणी. उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून आधी काढा लावायचा, वाळू द्यायचा, मग पाणी. डोळ्यांदेखत बोट काळं होत जाई. असे तीन हात दिले की ते बोट साबणाला जुमानत नसे. आधी सरकार नखाच्या बुडाशी ठिपका लावायचं, तोवर भय्याजीही ठिपका लावत. पुढे आयोगाने नखापासून पेरापर्यंत रेघ ओढायचं ठरवलं, तर भय्याजींनीही त्याच निवडणुकीपासून रेघ सुरू केली. नियमाला ते पक्के होते.

बरं, एवढं करून माणसाने गप्प बसावं. पण नाही. बोट काळं झालं की भय्याजींना भाषण सुचायचं. चौकातल्या टपरीवर बसून ते न गेलेल्यांची खरडपट्टी काढत. शेजारचा खुशाल मेश्राम एकदा धान कापायचा म्हणून दुपारपर्यंत मतदानाला गेला नव्हता. भय्याजींनी त्याला चारचौघांत झापलं, "धान कुठी पळून चाललं का बे? एका मतानं सरकार पडते, समजलं? आमी कायले सकाळी उठून जातो मंग?" खुशाल बिचारा विळा टाकून तसाच शाळेत पळाला. भय्याजींच्या धाकाने कोष्टीपुऱ्यातलं मतदान नेहमी गावापेक्षा जास्त व्हायचं. एकट्या त्यांचं सोडून.

भय्याजींच्या घरी कौशल्याबाई, मुलगा प्रविण आणि सून स्वाती. प्रविण वरठीच्या कारखान्यात कामाला, रोज मोटारसायकलने जा-ये करायचा. स्वाती बारावी शिकलेली, बचत गटाची सचिव, आणि घरात एकटी अशी की जिला सासऱ्यासमोर बोलायला भीती वाटत नसे. भय्याजींचा तिच्यावर फार जीव. पोटच्या पोराला जे काम कधी शिकवलं नाही, ते रंगाचं काम त्यांनी तिला थोडंथोडं दाखवलं होतं. काळ्याचं तेवढं हातचं राखून ठेवलं होतं.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. कोरोनाची पहिली लाट ओसरली होती, लोक मास्क हनुवटीला अडकवून फिरत होते. गावात जागेश्वर नावाचा एक ठेकेदार होता, दोन टिप्परचा मालक. त्याला गावाचा विकास सुचला होता. बोडी बुजवायची आणि त्या जागेवर सांस्कृतिक सभागृह बांधायचं. बोडी बुजवायला मुरूम त्याचा, मुरूम आणायला टिप्पर त्याचे, आणि सभागृहाचं कामही फिरून त्याच्याकडेच येणार होतं. पंचायतीत सात जागा. सहा जागांवर तीन इकडचे आणि तीन तिकडचे निवडून येणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सगळं अडलं होतं कोष्टीपुऱ्याच्या जागेवर. ती जागा महिलेसाठी निघाली, म्हणून जागेश्वरने आपली बायको डिंपल उभी केली. फलकावर जागेश्वरचा फोटो हातभर आणि डिंपलचा वीतभर होता.

समोर स्वाती उभी राहिली. तिचं म्हणणं एकच होतं, बोडी राहिली पाहिजे. कोष्टीपुऱ्यात नळ एक दिवसाआड येतो, तोही तासभर. बोडी गेली की लडी धुवायला पाणी नाही, रंगाचं काम बंद, रंगाचं काम बंद तर उरलेले मागही बंद. भय्याजींना हे सुनेकडून ऐकायची गरज नव्हती. अर्ज भरला त्या दिवशी ते संध्याकाळी बोडीच्या काठी बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "पोरी, आज्याची इज्जत तुह्या हाती हाये."

मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. कौशल्याबाईंनी आदल्या दिवशीच घरात हुकूम काढला होता, "उद्या ज्याचं बोट काळं दिसन त्यालेच चहा भेटन." भय्याजी पहाटे उठून छपरीत गेले. आज तरी जाऊन खरं मत टाकावं, असं त्यांच्या मनात आलं, नाही असं नाही. पण ते मनात येईपर्यंत पहिला हात देऊन झाला होता. बावीस वर्षांची सवय. बोट काळं होताना पाहून त्यांनी स्वतःची समजूत घातली की कोष्टीपुरा सगळा आपलाच आहे. मतांचा हिशोब ठेवणारा खुशालच आठ दिवसांपासून सांगत होता, "स्वातीबाई साठ मतानं पुढं हाये." साठात एक कमी झालं तर काय होते?

त्यांनी तिन्ही हात दिले, रेघ सरळ ओढली आणि मतदान सुरू झाल्यावर घरात जाऊन बोट दाखवून चहा घेतला. प्रविण कारखान्यात जायला निघाला होता, त्यालाही दाखवलं. तो म्हणाला, "एवढ्या सकाळी जाऊन आले बाबा?" भय्याजी म्हणाले, "पयलाच नंबर होता माहा." चौकात जागेश्वर भेटला, त्यालाही दिसलं. जागेश्वरने हसून रामराम केला, कारण त्यालाही आतापर्यंत प्रत्येक वेळी भय्याजींनी आपल्याच माणसाला मत दिलं, असं वाटत आलं होतं. मग भय्याजी येऊन बोडीत लाल सुताच्या लडी धूत बसले.

चार वाजता खुशाल छपरीत आला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"भय्याजी, हिशोब बिघडला जी. जागेश्वरनं नागपूरहून दोन गाड्या भरून मानसं आनली. आपल्याच पुऱ्यातले, कामाले गेलेले. सगळे त्याच्याकडून झाले."

"मंग आपली साठ मतं?"

"कायची साठ? बरोबरीत येऊन राह्यलं. एखाद-दुसऱ्या मताचा फरक पडला तर पडन. कोन राह्यलं असन तर पाठवा."

खुशाल निघून गेला. भय्याजींच्या हातात ओली लडी होती. त्यांनी समोर पाहिलं. बोडीच्या पलीकडच्या काठावर मुरमाचा एक ढीग पडला होता. निकालाचीही वाट न पाहता जागेश्वरने उत्साहात एक टिप्पर ओतून ठेवला होता. सकाळपासून तो ढीग तिथे असावा, पण भय्याजींना तो आत्ता दिसला.

कोण राहिलं होतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

मतदान साडेपाचला बंद होणार होतं. भय्याजींनी आधी लिंबू चोळलं. मग चुना. मग दिव्यातलं रॉकेल. मग विटेचा तुकडा घेऊन बोट घासायला बसले. कातडी सोलवटली, लाल झाली, आणि त्या लाल कातडीवर काळी रेघ आणखी उठून दिसू लागली. आयुष्यभर ज्या रंगाची त्यांनी फुशारकी मारली होती, तो रंग त्या दिवशी त्यांचं ऐकेना. पाच वाजले. शेवटी त्यांनी बोटाला हळद लावली, लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि शाळेकडे धावत सुटले. सहासष्ट वर्षांचा माणूस धावतोय हे पाहून लोकांना वाटलं, कोणाच्या घरी काही बरंवाईट झालं.

शाळेच्या दारात आरोग्य खात्याच्या बाईंनी हातावर सॅनिटायझर ओतलं. चिंधी भिजली आणि बोट असं झोंबलं की भय्याजींच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आत रांग नव्हती. पहिल्या टेबलावर नाव सापडलं. यादीत त्यावर खूण नव्हती. भय्याजींना हायसं वाटलं. दुसऱ्या टेबलावरच्या मास्तरांनी मान वर केली.

"पट्टी खोला."

"कापलं जी. विळ्यानं."

"खोला. चिंधीवर शाई कशी लावू?"

चिंधी निघाली. जखम कुठेच नव्हती. हळदीने पिवळं झालेलं बोट आणि त्यावर नखापासून पेरापर्यंत ठसठशीत काळी रेघ. मग जागेश्वरचा प्रतिनिधी खुर्चीवरून उठला.

"साहेब, या बुढ्याचं झालं हाये. सकाळी चौकात मीच बोट पाह्यलं. आता लपवून दुसऱ्यानं टाकाले आला."

केंद्राचे साहेब उठून आले. ते भंडाऱ्याच्या कुठल्याशा कचेरीतले, नाकासमोर चालणारे गृहस्थ होते. त्यांनी स्वातीच्या बाजूच्या प्रतिनिधीला विचारलं. तिथे प्रविण बसला होता. अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन, तीनला येऊन, आपलं मत टाकून तो सकाळच्या माणसाच्या जागी बसला होता. आणि प्रविण बापासारखा नव्हता, त्याला खोटं बोलता येत नसे.

"हो साहेब," तो मान खाली घालून म्हणाला. "बाबाचं सकाळीच झालं. मले दाखवलं त्यानं. बाबा, घरी जा ना. कायले करून राह्यले असं?"

"पण यादीत खूण नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे सकाळी तुम्ही दुसऱ्याच कोणाच्या नावावर मत टाकलं. हा तर गुन्हा आहे."

मग भय्याजींनी जे बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. ते खरं बोलले.

"साहेब, मी सकाळी आलोच नाही. हे शाई नाही, रंग हाये. हिरडा आन हिराकस. मीच लावतो. दरवेळी लावतो. मी बावीस वर्षात एकबी मत टाकलं नाही, देवाशप्पथ."

जागेश्वरचा प्रतिनिधी पोट धरून हसला. दारातला शिपाईही हसला. भय्याजी हेडाऊंनी मत टाकलं नाही! साहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आजोबा, वीस वर्षं ही ड्युटी करतो मी. मत टाकून नाही टाकलं म्हणणारे पुष्कळ पाहिले. पण इतकी मोठी थाप कोणी मारली नव्हती. तहसीलला आदर्श मतदारांची यादी गेली, त्यात तुमच्या गावातून तुमचंच नाव आहे. मतदार यादीचं काम पाहणाऱ्या बीएलओ मॅडमनी मला सकाळीच सांगितलं."

"चला माह्या छपरीत. तुमच्या बोटाले लावून दाखवतो."

"बाबा," प्रविण म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "पुरे झालं ना."

साहेबांनी भय्याजींच्या वयाकडे पाहून केस केली नाही. हात धरून त्यांना पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं. साडेपाच वाजले, शाळेचं फाटक बंद झालं. ज्याने बावीस वर्षांत एकदाही मत टाकलं नाही, त्याच्यावर दोनदा मत टाकायला आल्याचा ठपका बसला.

गावात या गोष्टीची वाहवाच झाली, हे त्यातलं आणखी वाईट. कोष्टीपुऱ्यात लोक म्हणू लागले, "सुनेसाठी बुढा जेलात जायाले तयार झाला." कौशल्याबाईंना नवऱ्याचा इतका अभिमान लग्नापासून कधी वाटला नव्हता, त्यांनी त्या संध्याकाळी त्यांना न मागता दोनदा चहा दिला. भय्याजी ज्याला त्याला खरं सांगायला जात, आणि ऐकणारा डोळा मारून म्हणे, "हो हो, तसंच सांगायचं जी, केस नाही होत मंग."

मोजणी मोहाडीला झाली. स्वाती एकशे एकाहत्तर, डिंपल एकशे एकाहत्तर. फेरमोजणी झाली, तेच आलं. मग मोजणीच्या साहेबांनी दोन चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि एका शिपायाला एक उचलायला सांगितली. चिठ्ठीत डिंपलचं नाव निघालं. बाहेर जागेश्वरने गुलाल उधळला. फटाक्यांच्या आवाजात डिंपलला कोणीतरी विचारलं की आता काय करणार, तर तिने जागेश्वरकडे पाहिलं.

स्वातीकडचे लोक सगळे नशिबावर घसरले. कौशल्याबाई म्हणाल्या, त्या शिपायाने डाव्या हाताने चिठ्ठी उचलली. खुशाल म्हणाला, सोमवार होता, सोमवार आपल्याला लाभत नाही. परतताना ऑटोमध्ये सगळे नशिबाला शिव्या देत होते. मोहाडी मागे पडल्यावर स्वाती म्हणाली, "एकच मत, मामाजी. कोनाचं राह्यलं असन?"

भय्याजी बाहेर धान कापून रिकाम्या पडलेल्या शेतातल्या बांध्यांकडे पाहत राहिले. सांगावं असं फार वाटलं. पण तीन दिवस ते सगळ्यांना तेच तर सांगत होते, आणि आता ज्या एका माणसाने विश्वास ठेवला असता, तिला सांगायची हिंमत होईना.

आठवडाभराने, पंचवीस जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिवस आला. भय्याजी पोट दुखतं म्हणाले, पाय दुखतो म्हणाले, पण प्रविणने त्यांना मोटारसायकलवर बसवून नेलंच. तहसीलच्या कार्यक्रमात शाल, नारळ आणि प्रमाणपत्र मिळालं. "एकाही निवडणुकीत न चुकता मतदान करून लोकशाही बळकट केल्याबद्दल." निवेदिकेने विनंती केली की फोटोसाठी बोट वर करा. भय्याजींनी केलं. दहा दिवस झाले होते तरी रेघ जशीच्या तशी होती. बाजूला बसलेल्या एका खऱ्या मतदाराची शाई फिकी पडली होती. त्याच्यापेक्षा भय्याजींच्या बोटाला टाळ्या जास्त पडल्या.

फेब्रुवारीत नव्या पंचायतीने चार विरुद्ध तीन असा ठराव केला आणि टिप्पर सुरू झाले. छपरी बोडीच्या जागेत येते, ती हटवा, अशी नोटीस आली. स्वाती आणि कौशल्याबाई सामान काढू लागल्या. कोपऱ्यातलं एक जुनं पातेलं उचललं तेव्हा स्वातीला त्याखाली झाकलेल्या दोन वाट्या सापडल्या, आणि कापूस गुंडाळलेली उदबत्तीची काडी. काळ्याचं काम सासऱ्याने तिला शिकवलं नव्हतं. पण हिरड्याचा वास तिने ओळखला. मग तिने काडी एका वाटीत बुडवली, स्वतःच्या डाव्या तर्जनीवर रेघ ओढली, वाळू दिली आणि दुसऱ्या वाटीतलं पाणी त्यावर फिरवलं.

भय्याजी बाहेर दगडावर बसून टिप्परकडे पाहत होते. स्वाती येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने बोट पुढे केलं. ते काळं होत चाललं होतं.

"पाहा मामाजी," ती म्हणाली. "माहंबी मत पडलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. भय्याजी तोंडाला शेला लावून लहान पोरासारखे रडले. कौशल्याबाईंना वाटलं, बोडीसाठी रडतात. त्या जवळ बसून पाठीवरून हात फिरवत राहिल्या. स्वातीने त्यांना काही सांगितलं नाही. ती गोष्ट तिने पुढेही कोणाला सांगितली नाही, आणि हीच शिक्षा भय्याजींना सर्वांत जड गेली.

तीन वर्षांनी लोकसभा आली. एप्रिलचं ऊन. भय्याजी सकाळी साडेसहालाच तयार होऊन बसले आणि सातला रांगेत उभे राहिले. पुढे फक्त दोन बाया होत्या, मागे स्वाती होती. शाळेच्या खोल्यांचं छत गळत असल्याने केंद्र आता नव्या सांस्कृतिक सभागृहात होतं. फरशी गुळगुळीत, पंखे चालू, भिंतीवर जागेश्वरच्या नावाची कोनशिला. भय्याजी जिथे उभे होते तिथे बरोबर खाली त्यांचा लडी धुवायचा दगड गाडला गेला होता. जागा त्यांनी अंदाजाने ओळखली.

टेबलावरच्या मास्तरांनी डावा हात मागितला. भय्याजींनी पुढे केला. हात दोन्ही बाजूंनी स्वच्छ होता, नखांच्या फटीतही रंगाचा ठिपका नव्हता. रंगाचं काम बंद होऊन तीन वर्षं झाली होती. मास्तरांनी रेघ ओढली. भय्याजी ती रेघ वाळेपर्यंत तिथेच उभे राहिले, मागच्यांनी "चला ना जी" म्हणेपर्यंत. मग यंत्राकडे गेले आणि जिल्हा फुटल्यानंतरचं पहिलं मत टाकलं. ते मत त्यांनी टाकलं ते बोडीच्या जागेवर.

बाहेर खुशाल भेटला. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "झालं का भय्याजी? दाखवा बोट."

भय्याजींनी हात सदऱ्याच्या खिशात घातला.

"बोट कायले पाह्यतं बे," ते म्हणाले. "आत जाऊन यादी पाह्य."